धागा: आजारपण, म्हातारपण, मरण (वर्गातल्या लेखांवर बोलूया)

तिसरापहर

मंडळी, परवा वर्गात सहा जणांनी वाचलं आणि बोलणं जेमतेम दोघांच्या लेखांवर झालं, म्हणून हा धागा काढतोय. सगळ्यांचे लेख सगळ्यांकडे आहेतच. एकच विनंती, 'खूप भिडलं', 'शब्द नाहीत' एवढ्यावर थांबू नका. भिडलं तर नेमकं कुठे भिडलं ते सांगा, आणि नाही भिडलं तर तेही. विषय मरणाचा आहे म्हणून वाक्यांना हात लावायचा नाही असं होऊ नये.

सुरुवात मीच करतो. शाईचाडाग, तुझा आईच्या शेवटच्या नऊ दिवसांवरचा लेख मी तीनदा वाचला. बिनसुईची सिरिंज, गालाच्या आत सोडलेले औषधाचे थेंब, दर चार तासांनी वाजणारा मोबाईलचा अलार्म, आणि आई गेल्यावरही दोन दिवस तो अलार्म वाजत राहिला कारण बंद करायला कुणाचा हात धजेना, हे सगळं मला दिसलं, ऐकू आलं. पण शेवटचं वाक्य, 'आणि त्या क्षणी मी सुटले', हे मला वरून चिकटवल्यासारखं वाटलं. तोवर तू स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाहीस आणि मग एकदम हे येतं. माझ्या मते ते काढावं, लेख अलार्मवर संपवावा. राग मानू नकोस.

शाईचाडाग

दादा, राग कसला, इतकं नीट कुणी वाचलंच नव्हतं. पण ते वाक्य काढता येईना. मी दोन दिवस प्रयत्न केला, ते काढलं की बाकीचा लेख खोटा वाटायला लागतो.

खरं सांगू का, लेखात मी दोन गोष्टी लिहिल्याच नाहीत. एक म्हणजे पाचव्या दिवसापासून आई तोंड उघडेना, आणि मी चमच्याने जबरदस्तीने भरवायचे, हनुवटी धरून. एकदा तिला जोराचा ठसका लागला आणि तिने माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून झोपू देत नाही. आणि मग मी भरवणं सोडलं तेव्हा वाटायला लागलं की आता ही उपाशी जातेय आणि मी बघत बसलेय. दुसरी गोष्ट, शेवटचा मॉर्फिनचा डोस साडेतीनला मी दिला आणि ती चार वाजून दहा मिनिटांनी गेली. चाळीस मिनिटं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. त्यामुळे 'सुटले' लिहिताना मला माहीत होतं की मी कशातून सुटले आणि कशातून सुटलेच नाहीये. वाचणाऱ्याला ते कळत नसेल तर तो दोष लेखाचाच आहे.

रात्रपाळी

बाळा, आधी तुझ्याशी बोलते, लेखाशी नंतर. मी पस्तीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची बरीचशी अशाच पेशंटजवळ गेली ज्यांच्यावर बरं होण्यासाठीचा उपचार उरलेला नव्हता. म्हणून हे ऐकीव नाही, पाहिलेलं सांगतेय.

तुझी आई खात नव्हती म्हणून जात नव्हती. ती जायला निघाली होती म्हणून खात नव्हती. हे उलटं धरून किती मुलं-मुली आयुष्यभर स्वतःला खात राहतात. शरीर मिटायला लागलं की त्याला अन्नाची गरज वाटेनाशी होते, भूक मरते, गिळणं मंदावतं, अशा वेळी पोटात घातलेलंही अंगी लागत नाही, उलट श्वासात जायची भीती. त्या वेळी करण्यासारखं असतं ते म्हणजे ओल्या कापसाने किंवा स्पंजने तोंड ओलं ठेवायचं, ओठांना काहीतरी लावायचं, कूस बदलून द्यायची. तू ते केलंस, तुझ्या लेखातच आहे, चौथ्या परिच्छेदात, एका ओळीत उरकलंयस.

आणि मॉर्फिन. चार तासांनी ठरलेला तोच डोस तू आधीच्या दिवसांतही देत होतीस ना, तोच दिलास. दुखणं आणि धाप यासाठी बेताने दिलेलं मॉर्फिन माणसाला ओढून नेत नाही. शेवटच्या दिवसांत कुठला ना कुठला डोस शेवटचा ठरणारच, तो द्यायची पाळी कुणावर तरी येणारच, ती तुझ्यावर आली. घड्याळ लावून औषध द्यायची ही पद्धत रुजवण्यात सिसिली सॉन्डर्स या बाईंचा मोठा वाटा. आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या, 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना सांभाळणारी जागा. त्यांचं म्हणणं होतं, दुखून पेशंट ओरडेपर्यंत थांबू नका, दुखणं परत यायच्या आधीच पुढचा डोस द्या. म्हणजे तुझा तो अलार्म जो होता ना, तो आईचं दुखणं दाराबाहेर थोपवत होता. चार-चार तास. नऊ दिवस.

आता लेख. तू लिहिलंयस की 'श्वास भराभर चालायचे, मग हळू होत होत थांबायचे, मी आकडे मोजायचे, वीसपर्यंत आले की परत सुरू'. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात, 1818 आणि 1854 मध्ये ज्या दोन डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं त्यांची नावं आहेत ती. तुला नाव माहीत नव्हतं आणि तरी तू तंतोतंत लिहिलंस. म्हणून माझी एक सूचना, मी इथे जे समजावलं त्यातलं काही लेखात घालू नकोस. तेव्हा तुला ते माहीत नव्हतं. वीसपर्यंत मोजणारी, काही न कळणारी तू, तशीच राहू दे. फक्त एक शब्द बघ. तू इथे लिहिलंस, 'डोस मी दिला आणि ती गेली'. त्या 'आणि'ने तू स्वतःला आरोपी केलंयस. डोस दिला. पूर्णविराम. ती चार-दहाला गेली. पूर्णविराम. दोन वाक्यं वेगळी लिहून बघ आणि मग कसं वाटतं सांग.

पानगळ

रात्रपाळीताई, तुमचं वाचून मी उठून बाहेर जाऊन आले. माझे आजोबाही खाईनासे झाले होते.

माझ्या लेखाबद्दल वर्गात कुणीतरी म्हणालं की मी 'मेले' हा शब्द वापरला तो फार कठोर आहे, 'गेले' किंवा 'वारले' लिही. त्याबद्दल बोलायचंय. माझ्या लेखातली भाची पाच वर्षांची आहे. तिला सगळ्यांनी सांगितलं 'आजोबा गेले'. ती तीन दिवस संध्याकाळी दाराशी चपला घालून बसली, कारण तिच्या माहितीत जे जातात ते संध्याकाळी येतात. मग कुणी सांगितलं 'झोपलेत', तर ती रात्री झोपायला घाबरायला लागली. शेवटी तिच्या आईने तिला सरळ सांगितलं की आजोबांचं शरीर काम करायचं थांबलं, ते मेले, आता ते येणार नाहीत, त्यांना आता दुखतही नाही. ती रडली खूप. पण दाराशी बसायची थांबली. लहान मुलांना असंच सरळ सांगावं असं मुलांबरोबर काम करणारे समुपदेशकही सांगतात. तर मला तो शब्द माझ्यासाठी नको होता, तिच्यासाठी हवा होता. मोठी माणसं बोलतात तिथे मी 'गेले' ठेवलंय, तिच्या आईच्या तोंडी 'मेले'. हे वाचताना कळत नाही का?

रिकामीपाटी

पानगळ, मला कळलं, पण दुसऱ्यांदा वाचल्यावर. चपला घालून बसण्याचा प्रसंग तू लेखात पाचव्या पानावर टाकलायस आणि शब्दाबद्दलचं चिंतन पहिल्या पानावर. उलट कर. आधी ती चपला घालून बसू दे.

मला जास्त तिसरापहर यांच्या लेखाबद्दल बोलायचंय, त्यांनी धागा काढला आणि स्वतःच्या लेखाबद्दल कुणी काही म्हणेना. दादा, वडिलांच्या डायऱ्यांची कल्पना फार ताकदीची आहे. बारा वर्षांच्या डायऱ्या, रोज दोन-चार ओळी, आणि अक्षर दरवर्षी लहान होत गेलेलं, ओळीच्या सुरुवातीला बरं आणि शेवटाकडे मुंगीएवढं. पण तुम्ही काय केलंत, दुसऱ्याच परिच्छेदात सांगून टाकलंत की पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होतं, जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला वगैरे वगैरे. माहिती बरोबर आहे हो. पण मग पुढच्या डायऱ्या उघडताना मला काय होणार ते आधीच माहीत असतं. तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? तुम्हीच लिहिलंयत की अक्षर बारीक झालं तेव्हा तुम्हाला वाटलं बाबा कागद वाचवतायत. हे वाक्य कुठे आहे, तर कंसात. कंसात! ते लेखाचं पहिलं वाक्य व्हायला हवं, आजाराचं नाव शेवटच्या डायरीपर्यंत येऊच नये.

दुसरं, बाबा तुमच्या लेखात एकदाही बोलत नाहीत. का?

उजवीखिडकी

मी आजवर इथे कधी लिहिलं नाही, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझा लेख तुम्ही वर्गात ऐकलात. माझा आजार चौथ्या टप्प्यावर आहे हे त्यातूनच सगळ्यांना कळलं. त्यानंतर मला अकरा मेसेज आले. एकाने आहार सांगितला, दोघांनी डॉक्टरांचे नंबर दिले, एकाने पाठवलं की तुम्ही स्वीकाराच्या टप्प्यावर पोचला आहात, चारपाच जणांनी लिहिलं 'काका तुम्ही लढवय्ये आहात'. प्रेमानेच लिहिलंय, मला कळतं, प्रत्येकाला उत्तरही दिलं. पण लेखाबद्दल एकानेही नाही. मी तो लेख सव्वा महिना लिहीत होतो हो. तिसरा परिच्छेद लंगडा आहे हे मला माहीत आहे आणि तो कसा सावरायचा ते मला सुचत नाही, त्यासाठी मी वर्गाला आलो.

टप्प्यांबद्दल सांगतो, कारण ते फार ऐकावं लागतं. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी 1969 च्या पुस्तकात ते पाच टप्पे, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, मांडले ते मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसांशी बोलून, आणि त्या पायऱ्या एकामागून एक चढायच्या असा त्याचा अर्थ नाही, हे त्यांनीही सांगितलेलं आहे. माझं तर सकाळी एक असतं आणि जेवायच्या वेळी दुसरं. आणि लढण्याचं म्हणाल तर मी लढत नाही, मी औषध घेतो आणि थकतो. उद्या रिपोर्ट वाईट आला तर मी कमी लढलो असं व्हायचं, ते मला माझ्या मुलांनी ऐकायला नको आहे. म्हणून तो शब्द माझ्यापुरता नको.

आता शाईचाडाग हिच्या वाक्याबद्दल, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. बाळ, माणूस गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, 'सुटली बिचारी'. तू लिहिलंस 'सुटले'. एका मात्रेचा फरक आहे, आणि तुझा सगळा लेख त्या एका मात्रेत आहे. मी तुझ्या आईच्या बाजूने बोलतो, म्हणजे पलंगावरच्या माणसाच्या बाजूने. माझी बायको रात्री उठते, मला सगळं कळतं. ती कधीतरी सुटावी असं मलाही वाटतं. त्यात माझ्याविरुद्ध काही नाही. ते वाक्य काढू नकोस. फक्त ते शेवटी एकटं उभं आहे म्हणून ते कबुलीजबाबासारखं ऐकू येतं, त्याला आधीच्या नऊ दिवसांतून चालत येऊ दे.

तिसरापहर

काका, माफ करा. त्या अकरांमधला एक मी. लढवय्ये म्हणणारा.

तुमचा लेख काल रात्री पेन्सिल घेऊन वाचला. पहिले दोन परिच्छेद, काळ, नदी, किनारा, हे चांगले आहेत पण तुमचे नाहीत, असं लिहिलेलं आम्ही बरंच वाचलंय. तिसरा लंगडा वाटतो कारण तुमचा लेख खरं तर तिथे सुरू होतो. डोळे तपासून घेतले, नंबर बदललाय, आणि दुकानाच्या आरशासमोर तुम्ही उभे आहात की नवीन चष्मा करावा की आहे त्यावर भागवावं. फ्रेम दाखवणारा मुलगा सांगतोय की ही दहा वर्षं टिकते. काका, इथे तुम्ही काय केलंत तर लगेच 'वेळेचं गणित किती विचित्र असतं' असं लिहून त्या मुलाला गप्प केलंत! तो पुढे काय म्हणाला? तुम्ही काय म्हणालात? चष्मा केलात का? मला हे सगळं हवंय. पहिले दोन परिच्छेद गेले तरी चालतील, दुकानापासून सुरू करा.

रिकामीपाटी, कंसाबद्दल तू बरोबर आहेस, मला जाम लागलं ते, म्हणजे बरोबरच असणार. बाबा बोलत का नाहीत याचं उत्तर रात्रभर शोधत होतो. या आजारात आवाजही बारीक होतो, अक्षरासारखाच, आणि माणसाला स्वतःला वाटतं की आपण नेहमीसारखंच बोलतोय. आम्ही सारखं 'काय?', 'काय म्हणालात?', 'मोठ्याने बोला बाबा' करायचो. आईला कमी ऐकू यायचं, तिच्यापर्यंत तर काहीच पोचायचं नाही. हळूहळू त्यांनी बोलणं सोडलं. आम्ही समजत होतो त्यांना बोलायचं नाहीये. ते डायरीत बोलत होते आणि तिथेही अक्षर लागत नव्हतं. मागच्या वर्षी मी भिंग घेऊन बसलो तेव्हा एका पानावर वाचलं, 'आज तिघांनाही दोनदा सांगितले. ऐकू गेले नाही.' काय सांगितलं होतं ते लिहिलेलं नाही.

हे लेखात नाही. आता घालतो.

रात्रपाळी

दादा, हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. घाला. आणि त्यावर काही स्पष्टीकरण नको.

कुणाचे आईवडील आत्ता म्हातारे असतील तर एवढं सांगते, वयाने कान जातात ते आधी बारीक, उंच पट्टीच्या आवाजांचे जातात. त्यामुळे स, श, फ असली अक्षरं हरवतात, माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते लागत नाही. ओरडून उपयोग नसतो, समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायचं. आणि शेवटच्या काळात पेशंट उत्तर देत नाही म्हणून त्याच्या उशाशी बसून त्याच्याबद्दल बोलू नका. 2020 मध्ये कॅनडात हॉस्पिसमधल्या काही पेशंटच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध झाले, शेवटच्या तासांत, हाका मारून उठत नव्हते तेव्हाचे, तरी काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देत होता. अर्थ लागत होता की नाही हे त्यातून सांगता येत नाही. मी मात्र शेवटपर्यंत प्रत्येक पेशंटला सांगूनच हात लावायचे, आता कूस बदलते हं, आता तोंड पुसते.

पानगळ

एक प्रश्न मनात आहे, विचारू का. हे सगळं लिहून कुणाला बरं वाटतंय का? मला लेख लिहिल्यावर आठवडाभर उलट जास्त त्रास झाला. आई म्हणते कशाला उकरतेस.

रिकामीपाटी

पानगळ, मलाही तेच झालं. जेम्स पेनेबेकर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1986 मध्ये सहकारी सँड्रा बील यांच्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात कठीण गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. काहींनी नुसत्या घटना लिहायच्या, काहींनी नुसत्या भावना, काहींनी दोन्ही. लिहिल्या लिहिल्या मुलांना बरं नाही, वाईटच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी भरल्या. मला यातलं 'दोन्ही' फार पटतं. शाईचाडागच्या लेखात नऊ दिवस नुसत्या घटना आहेत आणि शेवटच्या वाक्यात नुसती भावना, म्हणून सांधा दिसतो. तुझ्या लेखात उलट, पहिल्या चार पानांत भावना आणि मग चपला.

पण बरं वाटावं म्हणून लिही असं मी तुला सांगणार नाही. त्रास होत असेल तर थांब, वही कुठे पळून जात नाही.

शाईचाडाग

चार दिवस इथे आले नाही कारण लिहीत होते. काका, रात्रपाळीताई, तुमच्या दोघांचं छापून भिंतीवर लावलंय. काल पहिल्यांदा घरात बोलले, भावाला साडेतीनच्या डोसबद्दल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'त्या आधीचा साडेअकराचा मी दिला होता, मला वाटायचं माझ्यामुळे'. दीड वर्ष आम्ही दोघं एकाच घरात हे घेऊन बसलो होतो.

नवीन शेवट टाकतेय. वाचा आणि सांगा.

'पाचव्या दिवशी मी तिची हनुवटी धरली आणि चमचा आत घातला. तिला ठसका लागला. तिने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मी चमचा उचलला नाही, कापूस ओला करून ओठ ओले केले, दर वेळी तिला वाटेल मी काहीतरी भरवतेय म्हणून सांगितलं, पाणी आहे फक्त. साडेतीनला अलार्म वाजला. मी डोस दिला. वीसपर्यंत मोजलं, परत वीसपर्यंत मोजलं. चार-दहाला मी वीसच्या पुढे गेले. एकवीस, बावीस, एकतीसपर्यंत मोजत होते. सकाळी माणसं आली, म्हणाली सुटली. मी सुटले होते तेव्हा तिचा हात अजून कोमट होता. साडेसातला अलार्म वाजला.'

तिसरापहर

मी काढ म्हणालो होतो ते वाक्य, शब्द मागे घेतो. 'दर वेळी तिला वाटेल' हे वाक्य जरा अडखळतं, ते तोड. 'एकतीसपर्यंत मोजत होते' मधलं 'मोजत होते' नसलं तरी चालेल. बाकी कशालाही हात लावू नकोस.

रात्रपाळी

'पाणी आहे फक्त'. बरोबर असंच सांगायचं असतं गं.

उजवीखिडकी

छान झालं आहे. अलार्म शेवटी आला ते योग्य.

त्या मुलाला मी काय म्हणालो ते आठवून लिहितो आहे. तेव्हा काही न घेताच बाहेर पडलो होतो. काल परत गेलो, तीच फ्रेम सांगितली. काचा गुरुवारी मिळतील, त्यानंतर तिसरा परिच्छेद इथे टाकतो.